ऑनलाइन लिलावातील बनावट पुरातन सुवर्णनाणी : परीक्षणाच्या पद्धती आणि यवतमाळ जिल्ह्यातील खरेदीदार

प्रस्तावना :

सोन्याची कोणतीही वस्तू घेताना महाराष्ट्रातील सर्वसामान्य खरेदीदार प्रथम ओळखीच्या सराफाकडे जातो. सराफ ती वस्तू कसोटीच्या दगडावर घासतो, कसावर आम्ल सोडतो, टंच सांगतो आणि खरेदीदाराचे समाधान होते. दागिन्याच्या बाबतीत ही पद्धत पुरेशी आहे. पुरातन नाण्याच्या बाबतीत मात्र ती निम्म्याच प्रश्नाचे उत्तर देते. कसोटीवर सोन्याचा कस कळतो, नाण्याचा काळ कळत नाही. उत्तम प्रतीच्या सोन्यातून गेल्या महिन्यात पाडलेला ‘शिवराई होन’ कसोटीवर निर्दोष ठरेल. परंतु त्यातील पावणेतीन ग्रॅम सोन्याची किंमत आणि अस्सल होनाला लिलावात मिळणारी काही लाखांची किंमत यांतील संपूर्ण फरक बनावट नाणे पाडणाऱ्याच्या खिशात जातो. म्हणूनच आजची धोकादायक बनावट नाणी पितळेची नसतात, ती सोन्याचीच असतात.

हा अनुभव केवळ भारतातील नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर इटली आणि लेबनॉन येथे ब्रिटिश सॉव्हरिनच्या नकला मोठ्या प्रमाणावर तयार झाल्या आणि त्यांतील अनेकींमध्ये सोन्याचे प्रमाण जवळजवळ मूळ नाण्याइतकेच होते. सोने खरे आणि नाणे खोटे, ही जोडी नाणेसंग्राहकांना जुनी आहे. नवी आहे ती विक्रीची जागा. मुंबईतील ‘बाझी’ हे लिलाव संकेतस्थळ २००४ मध्ये ‘ईबे’ने विकत घेतले आणि घरबसल्या बोली लावण्याची सवय भारतीय संग्राहकांना लागली. ईबेचे भारतीय संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झाले. परंतु तोपर्यंत नाण्यांच्या लिलावगृहांनी आपापली ऑनलाइन बोली सुरू केली होती आणि पुढे समाजमाध्यमांवरील गटांत तर कोणत्याही नियमाविना लिलाव होऊ लागले. यवतमाळ, वणी, पुसद किंवा दिग्रस येथील खरेदीदाराला आता नाणे हाती न घेता, केवळ दोन छायाचित्रे पाहून निर्णय घ्यावा लागतो. कापसाचे पैसे हाती आल्यावर दिवाळीच्या सुमारास सोने घेण्याची या जिल्ह्यातील रीत लक्षात घेता, अशा एका बोलीत कुटुंबाची वर्षाची शिल्लक गुंतलेली असू शकते. प्रस्तुत लेखात छायाचित्रावरून आणि नंतर प्रत्यक्ष नाण्यावरून बनावट कशी ओळखावी, तसेच फसवणूक झाल्यास कोणता मार्ग उपलब्ध आहे, याचे विवेचन केले आहे.

वऱ्हाडातील नाणी आणि सुवर्णनाण्यांचे स्थान :

यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत ‘वणी’ (वुन) जिल्हा या नावाने ओळखला जात असे. सातवाहन, वाकाटक, यादव, बहमनी, इमादशाही, मोगल, निजाम व नागपूरकर भोसले अशा अनेक सत्तांचा या प्रदेशाशी संबंध आला आणि १८५३ मध्ये वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेला. या इतिहासाचा विक्रेते सोयीस्कर उपयोग करून घेतात. ‘विदर्भात सापडलेले वाकाटकांचे सुवर्णनाणे’ असे वर्णन वाचणाऱ्यास ते साहजिक वाटते, कारण वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची राजधानी वाशीम शेजारच्याच जिल्ह्यात आहे.

तथापि, अशा वेळी पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा, की त्या वंशाने सोन्याची नाणी पाडली होती काय? सातवाहनांची नाणी शिसे, तांबे, पोटीन (तांबे, कथील, शिसे यांचा मिश्रधातू) व चांदी या धातूंची आहेत. मंगरुळपीर तालुक्यातील तऱ्हाळा येथे १९३९ मध्ये सापडलेला आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रकाशित केलेला सातवाहनांचा प्रसिद्ध संच पोटीनच्या नाण्यांचा होता. वाकाटकांची म्हणून जी नाणी पुढे आली आहेत ती तांब्याची आहेत. त्यांचे सर्वमान्य असे सुवर्णनाणे उपलब्ध नाही. म्हणजेच या दोन्ही वंशांच्या नावाने सुवर्णनाणे विक्रीस आले, तर पुढील परीक्षणाचा खटाटोप करण्याचे कारणच उरत नाही. याउलट देवगिरीच्या यादवांचे पद्मटंक, गुप्तांचे दिनार, मोगलांच्या मोहरा, विजयनगरचे वराह आणि छत्रपती शिवाजी महाराजांचा होन ही सोन्याची नाणी अस्सल स्वरूपात अस्तित्वात आहेत. बनावटही त्यांचीच होते.

नक्कल आणि बनावट यांतील भेद :

प्रत्येक नक्कल फसवणुकीसाठी केलेली नसते, ही गोष्ट महाराष्ट्रात विशेष ध्यानात ठेवावी लागते. मराठी घरांतील पुतळीमाळ याचे उत्तम उदाहरण होय. ‘पुतळी’ हे मूळचे व्हेनिसचे डुकाट नावाचे सुमारे साडेतीन ग्रॅम वजनाचे सुवर्णनाणे. त्यावरील संत मार्क आणि गुडघे टेकलेला डोज (व्हेनिसचा शासक) यांच्या आकृती आपल्याकडे पुतळ्या म्हणून ओळखल्या गेल्या. मागणी वाढल्यावर सोनारांनी तशीच नाणी येथे घडविली. लॅटिन अक्षरे न कळल्यामुळे ती अर्थहीन रेघोट्यांत बदलली, आकृती ओबडधोबड झाल्या. पण या पुतळ्या दागिना म्हणून प्रामाणिकपणे विकल्या गेल्या. बंजारा स्त्रियांच्या अलंकारांत चांदीच्या रुपयांचे असेच स्थान आहे. रामदरबाराचे चित्र असलेल्या ‘रामटंका’ हीदेखील पूजेची मुद्रा आहे, चलन नव्हे. या वस्तूंवर ‘पुरातन सुवर्णनाणे’ अशी चिठ्ठी लावून लिलावात मांडले की मात्र नक्कल बनावट ठरते. वस्तू तीच असते. बदलते ते विक्रेत्याचे विधान.

याहून हास्यास्पद प्रकार म्हणजे एका बाजूस राम-सीता किंवा हनुमान आणि दुसऱ्या बाजूस ‘ईस्ट इंडिया कंपनी, १६१६’, ‘१७१७’ अथवा ‘१८१८’ असे लिहिलेले, बहुधा पितळेचे व मुलामा दिलेले तुकडे. १६१६ मध्ये कंपनीची सुरतेस वखार होऊन जेमतेम तीन-चार वर्षे झाली होती. कंपनीने अशी नाणी कधीही पाडलेली नाहीत. असे असूनही ती विकली जातात आणि त्यांना चमत्कारिक शक्ती चिकटवून लाखोंचे व्यवहार ठरतात, हे खेदजनक आहे.

शिवराई होन : एक तपशीलवार उदाहरण :

महाराष्ट्रात ज्या नाण्याची सर्वाधिक बनावट होते ते शिवराई होन हे नाणे होय. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला आणि छत्रपतींच्या नावाची नाणी पाडण्यात आली. होनाच्या एका बाजूस बिंदूंच्या वर्तुळात तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्र पति’ अशी अक्षरे असतात. वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास भरते. याच लेखाची तांब्याची शिवराई दीर्घकाळ, अनेक ठिकाणी आणि पेशवाईअखेरपर्यंत पाडली जात राहिली. त्यामुळे ती विपुल आहे आणि तिच्या अक्षरांची वळणे नाना प्रकारची आहेत. होन मात्र अत्यंत दुर्मीळ आहे. सभासदाच्या बखरीत खजिन्यातील नाण्यांची जी यादी आहे तीत देवराई, अच्युतराई अशा दक्षिणेकडील जुन्या होनांची गर्दी दिसते, हेही या संदर्भात बोलके आहे. महाराजांच्या काळातही व्यवहारातील सोने मोठ्या प्रमाणावर परक्या छापाचे होते.

बनावट करणाऱ्याची अडचण येथेच सुरू होते. अस्सल होन त्याच्या हाती नसतो. सहज मिळते ती तांब्याची शिवराई किंवा पुस्तकातील होनाचे छायाचित्र. तांब्याच्या उत्तरकालीन शिवराईवरील अक्षरांचे वळण सोन्याच्या लहान चकतीवर उतरविले, की अक्षरांची जाडी आणि चकतीचा आकार यांचे प्रमाण बिघडते. छायाचित्रावरून ठसा खोदला, तर अक्षरे सपाट येतात, कारण छायाचित्रात खोली नसते. जुना ठसा कोरणारा कारागीर छिन्नीने अक्षराचा प्रत्येक दंड एका दमात काढीत असे. त्यामुळे दंडाचे एक टोक किंचित जाड, दुसरे निमुळते होते. यंत्राने कापलेल्या ठशात सर्व दंड सारख्याच रुंदीचे आणि तळाशी काटकोनात असतात. आज होनाच्या सोन्या-चांदीच्या प्रतिकृती भेटवस्तू म्हणून राजरोस विकल्या जातात. त्यांत गैर काहीच नाही. पण त्यांतील काही नाणी थोडी घासून, मातीत मळवून दुसऱ्या हाताने लिलावात येतात.

नाणे जुने दिसावे यासाठीची खटपटही जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकातील जर्मन नाणेबनावटकार कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) आपली नवी नाणी लोखंडाच्या किसात घालून ती पेटी घोडागाडीला बांधून फिरवीत असे, असे सांगितले जाते. अशा झिजेचा दोष हा, की ती सर्वत्र सारखी होते. खिशात, थैलीत, हातोहात फिरलेले नाणे उंचवट्यांवर झिजते आणि अक्षरांमधील खोलगट भाग ताजा राहतो. सोन्यावर तांब्यासारखा हिरवा थर चढत नाही; म्हणून सोन्याच्या नाण्यावर दाखविला जाणारा ‘जुनेपणा’ बहुधा डिंकाने चिकटविलेल्या मातीचाच असतो.

छायाचित्राचे वाचन :

लिलावाच्या पानावरील छायाचित्रातून जेवढे कळू शकते तेवढे बहुतेक खरेदीदार पाहत नाहीत. सर्वांत प्रभावी कसोटी तुलनेची आहे आणि तिच्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नाही.

यंत्रयुगापूर्वीचे प्रत्येक नाणे हाताने पाडले जाई. तापविलेली चकती खालच्या ठशावर ठेवून वरच्या ठशावर हातोडा मारला जाई. एकाच ठशाने शेकडो नाणी निघत. त्यामुळे दोन अस्सल नाण्यांवर ठशाची तीच तडा, तेच तुटलेले अक्षर दिसू शकते. परंतु चकती दरवेळी वेगळी असते. तिची कड वेगळी, ठसा सरकण्याची दिशा वेगळी, आणि नंतर पडलेले ओरखडे तर सर्वस्वी त्या त्या नाण्याचे असतात. म्हणून दोन नाण्यांचा ठसा जुळला तर शंका घेण्याचे कारण नाही. दोन नाण्यांची कड, मध्यापासून सरकलेला छाप आणि ओरखडासुद्धा जुळला, तर त्यांपैकी किमान एक दुसऱ्यावरून ओतलेले किंवा उतरविलेले असलेच पाहिजे. बहुधा दोन्ही तिसऱ्याच एका नाण्याची अपत्ये असतात. विक्रेत्याची मागील विक्री, जुन्या लिलावांच्या सूची आणि चित्रावरून चित्र शोधण्याची इंटरनेटवरील सोय यांच्या साहाय्याने ही तुलना घरी करता येते. याच शोधात कित्येकदा असेही आढळते, की छायाचित्र एखाद्या जुन्या लिलावातील अस्सल नाण्याचे उचललेले आहे आणि विक्रेत्याजवळ ते नाणे मुळातच नाही.

पद्मटंकाच्या बाबतीत आणखी एक खूण उपयोगी पडते. यादवांचे हे सुमारे पावणेचार ग्रॅमचे, किंचित वाटीसारखे नाणे एका ठशाने पाडलेले नसून मधले कमळ, ‘श्री’ अक्षर, राजाचे नाव यांचे छाप स्वतंत्रपणे मारलेले असतात. साहजिकच प्रत्येक छापाची खोली व कल निराळा असतो आणि एक छाप दुसऱ्याला चेपतो. ज्या नाण्यात सर्व छाप एकाच पातळीवर, नीटनेटके बसलेले दिसतात ते एकाच ठशाचे अथवा ओतीव काम होय. येथे नीटनेटकेपणा हाच दोष ठरतो.

ओतीव नाण्याची लक्षणे सर्वश्रुत आहेत : पृष्ठभागावर सूक्ष्म छिद्रे, अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोलावलेल्या, आणि कडेवर साच्याचे दोन भाग जुळल्याची रेघ किंवा ती कानशीने घासल्याच्या खुणा. म्हणून कडेचे छायाचित्र मागावे. ते देण्यास टाळाटाळ करणाऱ्या विक्रेत्याकडे पुढे जाऊ नये. वर्णनात वजन दिलेले नसणे हीदेखील तितकीच गंभीर बाब आहे. सोन्याची वस्तू वजन न करता कोणी विकत नाही. त्याचप्रमाणे सोन्याच्या चालू भावापेक्षा कमी दराने सुवर्णनाणे देऊ करणारा विक्रेता उदार नसतो. ज्याला खरोखर पैशाची निकड आहे तो जवळच्या सराफाकडे मोड म्हणून तेवढी रक्कम त्याच दिवशी मिळवू शकतो.

व्हिक्टोरिया राणीच्या मोहरा आणि सॉव्हरिन म्हणजे बोलीभाषेतील ‘गिन्नी’ ही यंत्राने पाडलेली नाणी असल्याने त्यांचे प्रमाण निश्चित आहे : मोहर ११.६६ ग्रॅम, सॉव्हरिन ७.९८ ग्रॅम व २२.०५ मिलिमीटर व्यास, दोन्ही बावीस कॅरेट. मुंबईत सॉव्हरिन केवळ १९१८ मध्ये पाडले गेले आणि त्यावर इंग्रजी ‘आय’ हे टांकसाळचिन्ह असते. हेच चिन्ह त्या काळातील दुसऱ्या सालाच्या नाण्यावर दिसले तर निर्णय तेथेच लागतो. मोहरेवर १८७७ पूर्वी ‘क्वीन’ आणि त्यानंतर ‘एम्प्रेस’ हा शब्द असतो. साल आणि उपाधी यांचा मेळ नसलेली नाणी आजही बिनदिक्कत विक्रीस येतात.

नाणे हाती आल्यानंतर :

सराफाकडे नेल्यास नाणे कसोटीवर घासू देऊ नये. अस्सल नाण्याच्या कडेवर पडलेला कसाचा ओरखडाही त्याची किंमत उतरवितो. त्याऐवजी विशिष्ट गुरुत्व काढावे. त्यासाठी मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, दोरा आणि पेलाभर पाणी पुरते. नाण्याचे हवेतील वजन आणि पाण्यात टांगले असता होणारी घट यांचा भागाकार म्हणजे विशिष्ट गुरुत्व. शुद्ध सोन्यासाठी तो १९.३ येतो, बावीस कॅरेटसाठी साडेसतरा ते पावणेअठराच्या आसपास, पितळेसाठी साडेआठ. २.८० ग्रॅमच्या होनाची पाण्यातील घट ०.१५ ग्रॅम भरली तर उत्तर १८.७ येते. त्याच आकाराचा पितळेचा तुकडा हवेतच सव्वा ग्रॅमच्या आसपास भरेल. मुलाम्याचे नाणे या एका चाचणीत गळते.

सोन्याचे बनावट नाणे मात्र गळत नाही. तेथे क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्राची मदत होते. हे यंत्र आता लहान शहरांतील सराफ्यातही टंच काढण्यासाठी वापरात आहे. त्याच्या पडद्यावरील सोन्याचा आकडा पाहून थांबू नये. उरलेल्या धातूंची यादी पाहावी. जुन्या सोन्यात चांदी व तांबे कमी-अधिक प्रमाणात असतातच. ९९.९ टक्के शुद्धता ही आधुनिक शुद्धीकरणाची खूण आहे. त्याहून निर्णायक पुरावा कॅडमियमचा. सराफ्यात ‘केडीएम’ या नावाने परिचित असलेल्या डागकामात हा धातू वापरला जाई. त्याचा शोधच १८१७ मध्ये लागला. सतराव्या शतकातील म्हटल्या जाणाऱ्या नाण्याच्या धातूत कॅडमियम आढळले, तर ते नाणे मोडीच्या आधुनिक दागिन्यांतून तयार झाले असे समजण्यास हरकत नाही. मात्र गळ्यातील माळेत ओवण्यासाठी अस्सल नाण्याला कधी काळी कडी डागली असेल, तर त्या जागीही कॅडमियम दिसेल. म्हणून मोजणी दोन-तीन ठिकाणी घ्यावी. शिवाय वितळविताना हा धातू उडून जातो. तो न आढळणे हा अस्सलपणाचा पुरावा होत नाही.

शंका उरल्यास नाशिकजवळील अंजनेरी येथील, १९८० मध्ये स्थापन झालेल्या भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्थेसारख्या अभ्यासकेंद्राचा सल्ला घेणे इष्ट. परदेशी प्रमाणन संस्थांच्या प्लास्टिकच्या डबीत बंद केलेले नाणे सुरक्षित मानले जाते. परंतु डब्यादेखील बनावट येतात. डबीवरील क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून तेथील छायाचित्राशी हातातील नाणे ताडून पाहावे. क्रमांक खरा आणि नाणे दुसरे, असेही घडते.

‘खोदकामात सापडले’ :

विक्रेत्यांची सर्वांत लोकप्रिय कथा घराच्या पायात किंवा शेतात सापडलेल्या हंड्याची. गुप्तधनाची ओढ विदर्भात नवी नाही. या प्रकारात प्रथम एक-दोन खरी सुवर्णनाणी तपासणीसाठी दिली जातात, सराफ ती खरी असल्याचे सांगतो आणि मग पूर्ण रक्कम घेऊन उरलेला हंडा पितळेचा निघतो. अर्थात विक्रेत्याची कथा खरी मानली तरी खरेदीदाराची सुटका होत नाही. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याचे गुप्तधन सापडल्यास ते जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक असून लपविणाऱ्यास शिक्षेची तरतूद आहे. म्हणजे कथा खरी असेल तर नाणे बेकायदा, खोटी असेल तर नाणे बनावट.

शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमाखाली पुरावशेष ठरते. त्याच्या विक्रीचा व्यवसाय करण्यास परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीस ते देशाबाहेर पाठविता येत नाही. परदेशी संकेतस्थळावर भारतातून जुनी नाणी ‘जगभर पाठवू’ असे सांगणारा विक्रेता एकतर कायदा मोडत असतो किंवा त्याची नाणी जुनी नसतात. ‘तुमचे जुने नाणे लाखोंना विकत घेऊ, आधी नोंदणी शुल्क भरा’ हा उलट दिशेचा सापळाही प्रचलित आहे. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे शुल्क मागितले जात असल्याने ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने जाहीर निवेदन काढून अशा व्यवहारांशी आपला संबंध नसल्याचे स्पष्ट केले.

तक्रारीचा मार्ग :

बनावट नाणे पुरातन म्हणून विकणे ही फसवणूक आहे. १ जुलै २०२४ पासून अशा गुन्ह्यास भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागू होते. त्यापूर्वीच्या व्यवहारांस भारतीय दंड संहितेचे कलम ४२०. विक्रेत्याने दुसऱ्याच्या नावाने खाते उघडले असल्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६ड देखील लागते. पैसे पाठविल्याचे लक्षात येताच १९३० या क्रमांकावर कळविल्यास रक्कम पुढे वळती होण्यापूर्वी रोखली जाण्याची शक्यता असते. येथे तासांनाही महत्त्व आहे. लिलावाचे पान, विक्रेत्याचे वर्णन व संभाषण यांच्या प्रती बोली लावण्यापूर्वीच जतन कराव्यात, कारण विक्रीनंतर पान काढून टाकले जाते. पाकीट उघडतानाचे अखंड चित्रीकरण आणि त्यातच काट्यावरील वजन दिसणे हा पुढे सर्वांत उपयुक्त पुरावा ठरतो. अन्यथा नाणे खरेदीदारानेच बदलले असा बचाव घेतला जातो.

विक्रेता व्यापारी असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने दिलेली सवलत महत्त्वाची आहे. तक्रारदाराला आपल्या निवासाच्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. मुंबईच्या किंवा राजस्थानच्या विक्रेत्याविरुद्ध वणीच्या खरेदीदाराला यवतमाळच्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. परंतु पुनर्विक्रीसाठी वस्तू घेणारा या कायद्याच्या दृष्टीने ग्राहक नसतो. लिलावापूर्वीच्या संभाषणात ‘पुढे दुप्पट भावाने विकता येईल ना?’ असे खरेदीदाराने स्वतःच लिहिलेले असेल, तर तेच वाक्य विक्रेत्याचा वकील आयोगासमोर वाचून दाखवू शकतो.